नारळ फुटेपर्यंत काळूराम

काळूराम घरतने सत्तराव्या वर्षी पनवेलला बाई ठेवलीय, ही बातमी पाणखार गावात माझ्या ओटीवरून निघाली, हे मी नाकारत नाही. पुरावा चोख होता. मंगळवार आला की हा माणूस गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, सकाळच्या एसटीने पनवेल गाठायचा आणि दुपारी एक काळी पिशवी पोटाशी धरून, कुणाकडे न बघता घरात शिरायचा. स्वतःच्या लग्नात ज्याने सुरकुतलेला सदरा घातला, त्याला आता इस्त्री सुचते, तर माणसाने काय समजायचं?

बातमी तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी त्याची बायको मनुबाई तीच काळी पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि तिने ती ओटीवर पालथी केली. आतून मोठ्या माणसांच्या डायपरची दोन पाकिटं निघाली.

"ही बघ त्याची बाई," ती म्हणाली. "एक ठेव तुला, रघू. आधी तोंडाला बांध."

खरी गोष्ट अशी होती की पौषात काळूरामचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आम्हाला हर्निया म्हणून सांगितलं होतं. गाठ निघाली, लघवीची नळीही निघाली, पण नळी निघाल्यावर लघवी काही हुकमात राहीना. खोकला की थेंब, उठला की थेंब, आणि कधी कधी दार गाठायच्या आतच सगळं. डॉक्टरांनी त्याला पनवेलच्या रुचिता मॅडमकडे पाठवलं. या मॅडम मूत्राशयाला शिस्त लावायला शिकवतात, शाळेत मास्तर पोरांना लावतात तशी. दर मंगळवारी काळूराम त्यांच्याकडे जायचा. बाई होती, एवढं माझं बरोबर निघालं.

काळूराम हा चांगला माणूस नाही, हे आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. आमची दोघांची भिंत एक आहे. तीस वर्षांत त्याने माझ्याशी गोड शब्द बोलल्याचं भिंतीलाही आठवत नसेल. माझ्या शेवग्याची फांदी त्याच्या पत्र्यावर गेली तर त्याने फांदी तोडली, शेंगा ठेवून घेतल्या आणि पाला माझ्या अंगणात टाकला. पोरांचे क्रिकेटचे चेंडू त्याने कापून दोन वाट्या करून परत दिलेत. वर्गणीवाले त्याचं घर सोडून पुढे जातात. हसताना त्याला कुणी पाहिलेलं नाही. मनुबाई म्हणते, एकदा हसला होता, पण तेव्हा मेहुणा विहिरीत पडला होता.

गाव त्याला सहन करायचं ते एकाच कारणाने. उघाडी त्याच्याकडे होती. आमचं गाव खाडीच्या पातळीच्या खाली आहे. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधात दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या. हे काम काळूरामच्या आजाकडे होतं, मग बापाकडे, मग त्याच्याकडे आलं. मिठागरं गेली, भातखाचरं बहुतेक कंटेनर यार्डांखाली गेली, तरी आषाढात हा माणूस डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर उभा असतोच. आणि एवढं करून शिव्याही घालतो. पाण्याला, आम्हाला, सरकारला, या क्रमाने.

तर आता रुचिता मॅडमची शिस्त. हे सगळं मला मनुबाईमुळे कळलं. माझ्या बातमीनंतर ती पनवेलला सोबत जायला लागली आणि संध्याकाळी आमच्या बायकोशेजारी बसून सगळं ओकायची. मॅडम म्हणाल्या, "काका, लागली म्हणून जायचं नाही. घड्याळ सांगेल तेव्हा जायचं. आता दर तासाला. मधेच जोराची कळ आली तर पळायचं नाही. जिथे आहात तिथेच थांबायचं, गॅस अडवतो तसं खालून पाच वेळा आवळायचं आणि सोडायचं, लांब श्वास घ्यायचा, मनात दुसरंच काहीतरी मोजायचं. कळ चढते तशी उतरते. उतरली की मग सावकाश चालत जायचं. तास नीट जमला की वेळ थोडी थोडी वाढवू."

"कळतंय," काळूराम म्हणाला. "भरतीसारखा हाय."

मॅडम खूश झाल्या. त्यांना काय माहीत, हा काय समजला ते.

आमच्याकडे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरती. चौथ असेल तर तीन वाजता, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. म्हणजे भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. साठ वर्षं ज्याने याच हिशोबाने फळ्या उचलल्या, त्याला 'थोडी थोडी वाढवू' याचा अर्थ दुसरा कुठला लागणार? त्याने मोबाईलला गजर लावला. पहिल्या दिवशी एक तास. दुसऱ्या दिवशी पावणेदोन. तिसऱ्या दिवशी अडीच. आम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतो. पहिल्या दिवशी त्या गजरावर आमच्या बायकोने भाताचा कुकर लावला होता, तिसऱ्या दिवशी भात करपला. वर त्याने पाणीही तोडलं. आत नाही आलं तर बाहेर काय जाणार, असा त्याचा विचार.

पाचव्या दिवशी चार तासांचा नेम होता. त्यातले सव्वातीन तास झालेले असताना तो विपुलच्या ऑफिसात भांडायला गेला.

विपुल म्हात्रे म्हणजे आमच्या गावचा मोठा माणूस, वय अडतीस. सात ट्रेलर, नाक्यावर काचेचं ऑफिस. त्याचा यार्ड बांधाच्या पलीकडे आहे आणि ट्रेलरना दोन किलोमीटर वळसा पडतो. त्याला उघाडी बुजवून वरून सरळ रस्ता हवा होता. "पाण्याला खालनं पाइप टाकू की," तो म्हणायचा. गावातली निम्मी पोरं त्याच्याकडे ड्रायव्हर, माझा भाचाही. त्यामुळे पाइप सगळ्यांना पटला होता.

काळूराम त्याच्यासमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पाइपात गाळ बसला का तू जानार हाइस आत, साफ कराला?"

विपुल म्हणाला, "नाना, तुमचं आता वय झालं. आराम करा."

काळूराम काहीतरी जबर बोलायला म्हणून ताडकन उठला, आणि तिथेच झालं. सहा माणसं बसली होती. मी सातवा. पँटीचा रंग बदलत खाली गेला आणि लादीवर तळं झालं. काळूरामच्या तोंडून एक शिवीही निघाली नाही. हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो वळला आणि ओल्या चपला वाजवत निघून गेला. मग विपुलने पोऱ्याला हाक न मारता स्वतः ती खुर्ची उचलली, बाहेर भंगाराच्या ढिगावर टाकली आणि आम्हाला म्हणाला, "याला गावकीला बसवा आता."

याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला, बाहेरच्याला सांगावा लागेल. आमच्या गावकीत हात वर करून मतं मोजत नाहीत. ठरावाला एकजण जरी 'नको' म्हणाला तरी ठराव पडतो. पण नको म्हणणाऱ्याने ते बसून म्हणायचं, आणि शेवटी देवीपुढे नारळ फुटेपर्यंत बसूनच राहायचं. मधे उठला की त्याचं बोलणं पुसलं, तो राजी आहे असं धरलं जातं. पूर्वी लोक नको म्हणून ओरडायचे, घरी जायचे आणि वर्षभर भांडत राहायचे. ज्याला खरंच नको आहे तो बसेल, असं म्हाताऱ्यांनी ठरवून दिलं. त्याच्या बदली दुसऱ्याने बसायचं नाही. पंचांनाही नारळ फुटल्याशिवाय उठता येत नाही.

उघाडीचा ठराव अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी होता. पावसाच्या आत भराव व्हायला हवा होता. अख्ख्या गावात नको म्हणणारा एकच, आणि त्याला तासभर बसता येत नव्हतं.

त्या मंगळवारी रुचिता मॅडमनी त्याला झाडलं. पाऊणकीचा हिशोब ऐकून म्हणे त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, मूत्राशय म्हणजे खाडी नाही. त्याला तिथी कळत नाही. पंधरा मिनिटं वाढवायची, तीही आठवड्याला, तीही जमलं तर. आणि पाणी तोडलंत तर लघवी कडक होऊन कळ जास्त येईल. पाणी प्यायचं, चहा कमी करायचा."

"रविवार धरून बारा आठवडे हायेत," काळूराम म्हणाला. "किती होतील?"

"कशाला इतकी घाई?"

"मना बसाचा हाय."

कुठे बसायचं आहे ते त्याने सांगितलं नाही. मनुबाईने सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तीन तास होतील कदाचित, पण मी हमी देत नाही.

मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. तासाला गजर. आठवड्याने सव्वा तास. भिंतीपलीकडून गजर वाजायचा आणि मी इकडून ओरडायचो, "नाना, गाडी सुटली, चढा." तो तिकडून माझ्या आईचा उद्धार करायचा. मधे दोन आठवडे दोन तासांवरच अडकला. एकदा शिंकला आणि सगळं गेलं, तेव्हा त्याने मिरचीची फोडणी देणाऱ्या मनुबाईशी तीन दिवस अबोला धरला. बांधावर बसून तो व्यायाम करायचा म्हणे. बाहेरून काही दिसत नाही, माणूस नुसता खाडीकडे रागाने बघत बसलाय असं वाटतं. तो एरवीही तसाच बसतो, म्हणून कुणाला कळलं नाही. वैशाख लागला तेव्हा तीन तास होत होते. त्याच्या पुढे गेला की गळत होता.

ही तीन तासांची खबर विपुलपर्यंत कशी गेली, ते विचारू नका. भाचा त्याच्याकडे आहे, हे सांगितलंच आहे.

विपुलने मला बोलावलं. "रघूकाका, सभा साडेतीन तास चालली पाहिजे. ते दत्तात्रेय पंच बघतील. तुमी फक्त नानांच्या शेजारी बसा."

"बसून काय करू?"

"तुमचं जे काम हाय तेच. हसवा."

मनुबाईने आमच्या बायकोला सांगितलं होतं ना, खोकला की गळतं, शिंकला की गळतं, हसला तरी गळतं. तेही पोचलं होतं.

रविवारी सकाळी नऊला गावदेवीच्या सभामंडपात चटया पडल्या. काळूराम धुतलेलं धोतर नेसून आला, आधी देवळामागे जाऊन आला, मग येऊन बसला. मी त्याला चिकटून बसलो.

"हा कनाला बसलाय हितं?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"शेजारधर्म," मी म्हणालो.

समोर दत्तात्रेय पंच. वय बहात्तर, गावकीचा मान पंधरा वर्षं त्यांच्याकडे. त्यांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कुनाचा नको हाय?"

"माझा," काळूराम म्हणाला.

"बसनार?"

"बसलोय."

मग पंचांनी आपलं काम सुरू केलं. मागच्या वर्षीच्या सभेचं सगळं इतिवृत्त वाचलं. देवळाच्या पत्र्यावर चर्चा. जत्रेच्या वर्गणीवर चर्चा. स्मशानाच्या दिव्यावर तर अर्धा तास, तिथे जाणाऱ्याला दिवा कशाला लागतो यावर. मधूनमधून विपुलची माणसं पाणी, चहा, ताक फिरवत होती. गावकीचा चहा नाकारत नाहीत, अपमान होतो. काळूरामने पहिला कप घेतला. दुसरा आला तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "आदी पंचांना. वडील हायेत ते." सभेत वयाचा मान ठेवला की कुणाला बोलता येत नाही. कप पंचांकडे गेला. ताकाचा पेलाही तसाच गेला, दुसऱ्या ताकाचाही. मला वाटलं, आजारपणाने म्हातारा नरमला.

सव्वा तास झाला तेव्हा त्याला पहिली कळ आली. मला कळलं, कारण माझी मांडी त्याच्या मांडीला लागून होती. तो एकदम दगड झाला. नाकाने लांब श्वास घेतला आणि पुटपुटायला लागला, "चौथ, तीन. पंचमी, पावनेचार. षष्ठी, साडेचार. सप्तमी, सव्वापाच." अष्टमीला पोचेपर्यंत मांडी सैल झाली.

दोन तासांनी दुसरी. त्या वेळी तो द्वादशीपर्यंत गेला. कपाळावर घाम होता. विपुल खांबाला टेकून घड्याळ बघत होता. त्याने मला मान हलवून खूण केली.

मी सुरू झालो. माझं ते काम मी मन लावून करतो. आधी छोट्या गोष्टी सोडल्या, माणसं हसली, काळूराम नाही. तीन तास झाले. तिसरी कळ आली असावी, कारण त्याने माझा दंड धरला. नखं रुतली. मला वाटलं, आता एक बसली की म्हातारा गेला. मी माझी ठेवणीतली काढली, अनंताची. अनंता समोरच बसला होता, तरी काढली.

"अनंता सासूला मोटारसायकलवर घेऊन दिघीला गेला, आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढायला," मी म्हणालो. "तिकीटवाला विचारतो, काय काय हाय? अनंता म्हणतो, दुचाकी एक, मानूस एक आनि अवजड वाहन एक. सासू मागं बसलेली. ती उतरली, पदर खोचला आणि तिकीटवाल्याला म्हणाली, दादा, अवजडाचा घ्या, पर त्या मानसाचा घेऊ नका. तो रिकामा टँकर हाय. माझी पोर धा वर्सं लाइनीत उभी हाय, अजून थेंब उतरला नाय."

मंडप फुटला. अनंता सोडून सगळे लोळले. काळूराम समोर देवीकडे बघत होता, ओठ शिवल्यासारखे. त्याच्या चेहऱ्यावर माझ्या गोष्टीची एक रेघ उमटली नाही. अपमान म्हणतात तो हा.

पण दत्तात्रेय पंच हसले. आधी खो खो, मग खोकला, मग एकदम गप्प. त्यांनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार दिला. मग परत पहिल्या. हातातला कागद मांडीवर आडवा धरला.

काळूरामने माझा दंड सोडला. तो हळू आवाजात, पण मंडपभर जाईल असं म्हणाला, "पंच, पालखीच्या भोयांचा राहिला हाय. होऊ द्या सावकास. मी बसलोय."

पंचांनी त्याच्याकडे पाहिलं. एका दुखण्याची माणसं एकमेकांना ओळखतात. वर्षभर पंच दर बैठकीआधी तीन वेळा देवळामागे जातात, हे आम्ही बघत होतो, पण बघणं आणि कळणं वेगळं. डॉक्टरला दाखवायची त्यांना लाज वाटत होती. काळूरामला ते बांधावरूनही दिसलं असणार. चहाचे कप आणि ताकाचे पेले त्याने मानापोटी पाठवले नव्हते.

विपुल पुढे आला. "पंच, अजून अर्धा तास..."

"तुजा अर्धा तास गेला खड्ड्यात," दत्तात्रेय पंच म्हणाले. "नारळ आन."

"पण काका..."

"आन म्हनतो ना."

पुजाऱ्याने नारळ हातात घेतला. पंचांनी बसल्या जागेवरून, दात आवळून विचारलं, "उघाडीच्या ठरावाला कुनाचा नको हाय?"

"माझा," काळूराम म्हणाला.

"ठराव पडला. फोड."

नारळ फुटला. करवंटीचे तुकडे गोळा व्हायच्या आत पंच उपरणं सावरत देवळामागे पोचलेही होते. तीन तास दहा मिनिटं झाली होती.

माणसं उठली, चपला शोधायला लागली. काळूराम उठला नाही. चटईवर तसाच बसून होता, डोळे मिटून, ओठ हलत. त्रयोदशी, चतुर्दशी. मी शेजारून हललो नाही. मला बघायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

विपुल त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा काळा पडलेला. सात ट्रेलरना आता वळसाच होता. विपुलचा दुमजली बंगला गावात सगळ्यात खोलगट जागी आहे, उघाडीच्या तोंडाशी, बापाने बांधलेला. दर श्रावणात पाणी त्याच्या पायरीपर्यंत येऊन थांबतं, ते काळूराम फळ्या उचलतो म्हणून.

"झालं ना मनासारखं?" विपुल म्हणाला. "उठा आता नाना. का उठवत नाय? चटई भिजली असंल."

चार माणसं हसली. त्यात मी होतो.

काळूरामने डोळे उघडले. दोन्ही हात जमिनीला टेकून सावकाश उठला, धोतराचा काष्टा नीट केला. चटई भिजली होती की नव्हती, ते मी सांगणार नाही. तो विपुलला म्हणाला:

"भिजली असंल तर धुईन मी. उघाडी बुजली असती, तर तुजा घर कोन धुनार होता?"